दोघांनी, स्वतःच्या गाडीने लडाख: किलोमीटर सोडा, झोपायची उंची मोजा

लडाखचा बेत आखताना बहुतेक जोडपी नकाशा उघडून किलोमीटर जोडत बसतात. श्रीनगर ते लेह ४२० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून पणजीइतकंच, पहाटे निघू आणि रात्री जेवायला पोहोचू, असा हिशेब होतो. रस्ता आता बराच चांगला आहे, त्यामुळे गाडी पोहोचतेही. माणसं मात्र डोकं धरून, उलट्या करत पोहोचतात आणि पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत काढतात.

इथे मोजायची ती रात्री झोपायची उंची. दिवसभरात कितीही उंच खिंड ओलांडली तरी चालतं, पाठ कुठे टेकता त्यावर सगळं ठरतं. खालचा सगळा क्रम याच हिशेबावर बेतलेला आहे. दोघंच आहात, गाडी स्वतःची आहे आणि लडाखला पहिल्यांदाच जाताय, असं धरलंय.

१. आधी महिना ठरवा

दोन्ही रस्ते, म्हणजे श्रीनगर–लेह आणि मनाली–लेह, एकाच वेळी भरवशाने उघडे असतात ते साधारण मध्य जून ते सप्टेंबरअखेर.

जूनमध्ये खिंडींत दुतर्फा बर्फाच्या भिंती दिसतात, पण गर्दीही तेव्हाच. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख कोरडंच असतं. अडचण असते ती तिथे पोहोचण्याच्या वाटेवर. जम्मू–श्रीनगर रस्त्यावर रामबनजवळ आणि हिमाचलात मंडी ते मनाली पट्ट्यात दरडी कोसळतात. त्यात अमरनाथ यात्रेमुळे जम्मू–श्रीनगर आणि सोनमर्ग–बालटाल भागात वाहनांच्या वेळा बांधून दिलेल्या असतात. यात्रा साधारण श्रावण पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेपर्यंत चालते.

आमचं मत विचाराल तर सप्टेंबर. गणपती विसर्जन झालं की निघा. आकाश स्वच्छ, नाल्यांना पाणी कमी, खोल्या सहज मिळतात. थंडी मात्र खरी, तलावाकाठी रात्री पारा शून्याखाली जातो.

मुंबईहून श्रीनगर २,१०० ते २,२०० किलोमीटर आहे. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर चार दिवस धरा. लडाखचे बारा-तेरा, परतीचे चार, म्हणजे तीन आठवडे. एवढी रजा नसेल तर विमानाने जाऊन तिथली टॅक्सी करा. दहा दिवसांत बसवायला गेलात तर रोज पळापळ होईल.

२. चढा श्रीनगरकडून, उतरा मनालीकडे

उलटा क्रम लावणारे पुष्कळ आहेत, कारण मनाली ओळखीचं आहे. फरक उंचीत पाहा. मनाली २,०५० मीटरवर, जिस्पा ३,२०० वर आणि त्यापुढचा नेहमीचा मुक्काम सरचू जवळपास ४,३०० वर. दोन रात्रींत सव्वादोन हजार मीटर. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम. सरचूच्या तंबूत रात्री दोन वाजता डोकं फुटायला लागतं ते यामुळेच. आणि तिथून खाली जायचं तर एका बाजूला बारालाचा खिंड, दुसऱ्या बाजूला लाचुलुंग ला खिंड. दोन्हीकडे आधी चढ!

श्रीनगरकडून रात्री अशा लागतात:

– श्रीनगर, १,५८५ मीटर: दोन रात्री. चार दिवस गाडी चालवलेली असते, पाठीला विश्रांती हवीच.
– कारगिल, सुमारे २,७०० मीटर: एक रात्र. वाटेत झोजिला ३,५०० च्या आसपास, पण तिथे फक्त ओलांडायचं.
– आल्ची, सुमारे ३,१०० मीटर: एक रात्र. ही बहुतेक जण गाळतात आणि कारगिलहून थेट लेह गाठतात. ८०० मीटरची उडी मधोमध तोडायला आल्चीसारखी जागा नाही. जुनं मठमंदिर आहे, जर्दाळूची झाडं आहेत आणि शांतता आहे.
– लेह, ३,५०० मीटर: तीन रात्री. पहिला दिवस नुसता लोळायचा.
– हुंदर, नुब्रा खोऱ्यात, सुमारे ३,१०० मीटर: दोन रात्री.
– पँगाँगकाठ, सुमारे ४,२५० मीटर: एक रात्र.
– परत लेह: एक रात्र.
– कोरझोक, त्सो मोरिरी तलावाच्या काठावर, ४,५०० च्या थोडं वर: एक रात्र.
– जिस्पा, मग मनाली.

पँगाँगला ४,२५० वर झोपायच्या आधी लेह-हुंदर मिळून पाच रात्री तीन हजारांच्या वर काढलेल्या असतात. शरीराने तोवर जुळवून घेतलेलं असतं. हाच तलाव लेहला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी करणारे लोक काठावर फोटो काढतात आणि रात्र ऑक्सिजनच्या नळीवर काढतात.

मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्या नवविवाहितांनी पहिले ४८ तास कुठेही जाऊ नये. लेह महाल नको, शांतिस्तूपाच्या पायऱ्या तर नकोतच.

३. उंचीचा आजार ओळखा, आणि खाली कोण नेणार ते आधी ठरवा

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सौम्य लक्षणं. यात करायचं एवढंच: आणखी वर न जाणं, पाणी पिणं, डोकेदुखीवर साधं पॅरासिटामॉल. चोवीस तासांत उतार पडला तर पुढे जा.

धोक्याची लक्षणं वेगळी. नुसतं बसलेलं असताना धाप लागणं, ओला खोकला, छातीत घरघर, ओठ निळसर होणं हे फुप्फुसात पाणी साचल्याचं लक्षण. बरळणं, तोल जाणं हे मेंदूला सूज आल्याचं. घरगुती परीक्षा सोपी आहे: जोडीदाराला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. झोकांड्या गेल्या तर वाद घालत बसू नका. रात्र असो की पाऊस, गाडी काढायची आणि खाली उतरायचं. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालयात या आजाराचे रुग्ण रोज येतात, डॉक्टरांना सगळं तोंडपाठ आहे.

म्हणूनच दोघांनाही घाटात गाडी चालवता आली पाहिजे. एकालाच येत असेल आणि नेमका त्यालाच उंचीचा आजार झाला तर पँगाँगच्या काठावरून खाली नेणारं कोणी नसतं. ज्याचा हात बसलेला नाही त्याने निघण्याआधी ताम्हिणी किंवा माळशेज घाटात चार-पाच फेऱ्या माराव्यात, चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायचा सराव करावा.

ॲसिटाझोलामाइडची गोळी बरेच जण घेतात. नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ती चालत नाही. तिने लघवीला वारंवार होतं, बोटांना मुंग्या येतात. हे आधी माहीत असलं म्हणजे घाबरायला होत नाही. रक्तदाब, हृदयविकार, दमा, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग आरक्षण.

दोन गैरसमज. हातात मावणारा ऑक्सिजनचा डबा हा उपचार नाही, तो काही मिनिटांत संपतो. आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या यंत्रावर लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० आकडा दिसला तरी लगेच धाबं दणाणू देऊ नका. माणूस कसा दिसतोय, कसा बोलतोय ते आधी पाहा.

पहिले चार दिवस दारू नको. गरम पाण्याने लांबलचक आंघोळही नको.

४. कागदपत्रं

– दोघांचे वाहनपरवाने, मूळ प्रत
– गाडीचं नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण चाचणी प्रमाणपत्र
– दोघांचं आधार किंवा मतदार ओळखपत्र, पाच-सहा झेरॉक्स
– पर्यावरण शुल्काची पावती, चार-पाच छापील प्रती
– फास्टॅगमध्ये भरपूर शिल्लक

मोबाइलमधला डिजिलॉकर कायद्याने चालतो, पण नाक्यावर रेंज नसेल तर उघडणार कसा? सगळं छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात, गाडीच्या दारात ठेवा.

नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरीसाठी लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून हे पर्यावरण शुल्क भरायचं असतं. लोक त्याला आजही ‘आयएलपी’, म्हणजे इनर लाइन परमिट, म्हणतात. सगळी ठिकाणं एकाच अर्जात घाला, तारखा एक-दोन दिवस सैल ठेवा. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, आणि यात ओसीआय कार्डवाले मराठी नातलगही आले, वेगळा संरक्षित क्षेत्र परवाना लागतो. तो नोंदणीकृत स्थानिक पर्यटन संस्थेमार्फतच निघतो. अमेरिकेहून आलेली मुलगी आणि पुण्याचा जावई असा संच असेल तर दोघांचे कागद वेगळे, हे लेहला पोहोचायच्या आधी लक्षात घ्या.

सगळ्यात मोठा सापळा गाडीच्या मालकीचा. दिल्ली, मनाली किंवा श्रीनगरहून भाड्याने घेतलेली, स्वतः चालवायची गाडी लेहपर्यंत जाते, पुढे नुब्रा-पँगाँगला मात्र स्थानिक टॅक्सीवाले ती जाऊ देत नाहीत. बाहेरच्या टॅक्सीचंही तेच. खासगी गाडी चालते, पण ज्याच्या नावावर गाडी आहे तो गाडीत हवा. मित्राची किंवा सासऱ्यांची गाडी मागून नेलीत तर ती भाड्याची नाही हे पटवताना अर्धा दिवस जाऊ शकतो. नवराबायकोपैकी एकाच्या नावावरची गाडीच न्या.

५. गाडीची तयारी

निघायच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. नवीन बसवलेला भाग बिघडायचा असेल तर तो घराजवळ बिघडू दे. मेकॅनिककडून हे खास तपासून घ्या: क्लच प्लेट, पुढचे ब्रेक पॅड, बॅटरी, कूलंटची होज, एअर फिल्टर. क्लच अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदलाच. लडाखात अडकून पडलेल्या गाड्यांत जळालेल्या क्लचचा वाटा मोठा असतो.

बरोबर घ्यायचं सामान: पूर्ण मापाची स्टेपनी, ट्यूबलेस पंक्चर किट, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, प्रेशर गेज, गाडी ओढायचा दोर, जंपर केबल, एक लिटर इंजिन ऑइल, दोन लिटर कूलंट, फ्यूज, कपाळावर बांधायची बॅटरी, चाकामागे लावायला लाकडाचे दोन ठोकळे. दोघंच असल्यामुळे मागची सीट पाडून हे सगळं हाताशी राहतं, टपावर काही बांधावं लागत नाही.

एक गोष्ट घरीच करून बघा: स्वतःच्या पान्याने चाकाचे नट सोडवा. गॅरेजात ते हवेच्या गनने आवळलेले असतात, गाडीतल्या छोट्या पान्याने हलतही नाहीत. हे लेह–मनाली रस्त्यावरच्या ओसाड मोरे मैदानात कळण्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

आता हवेची गंमत. श्रीनगरला घेतलेली वेफर्सची पुडी कारगिलपुढची फोटू ला खिंड येईपर्यंत उशीसारखी टम्म फुगते. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवलं की फस्स करून तेल बाहेर येतं. बाहेरच्या हवेचा दाब उतरतो आणि आतला तसाच राहतो. टायरचंही तेच होतं. मुंबईत ३३ पीएसआय भरलेला टायर लेहमध्ये त्याच तापमानाला ३८ च्या आसपास दाखवेल. थंडीने थोडा उतरतो, तरी जास्तच. लेहच्या पहिल्या सकाळी, गाडी हलवण्याआधी, गेज लावून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा.

इंजिनालाही विरळ हवा सोसत नाही. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. लेहहून नुब्राला जाताना लागणारी खारदुंग ला खिंड ५,३५९ मीटरवर आहे, म्हणजे तिथे जवळपास निम्मी ताकद गेलेली. गाडी बिघडली असं वाटतं, पण तसं नसतं. एसी बंद, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि अर्धा क्लच दाबून तरंगत चढायची सवय पूर्ण बंद.

६. इंधनाचा हिशेब

कारगिल, लेह, कारू आणि नुब्रात दिस्कितला पंप आहेत. दिस्कितला कधी साठा संपलेला असतो, म्हणून लेहहून टाकी भरूनच निघा. तलावांच्या काठी पंप नाहीच असं धरून चाला. तिथे कॅनमधून मिळतं, पण दर त्यांचा आणि गाळही त्यांचाच.

कठीण टप्पा शेवटचा. लेहहून निघाल्यावर कारूला टाकी काठोकाठ भरायची. कारू ते कोरझोक सुमारे १८५ किलोमीटर, कोरझोक ते त्सो कारमार्गे मनाली रस्ता धरून तांडीचा पंप सुमारे ३५०. एकूण ५३५. सपाटीवर १६ चा ॲव्हरेज देणारी गाडी इथे १२ देईल, म्हणजे ४५ लिटर लागणार. छोट्या गाडीची टाकी ३५ ते ४० लिटरची असते. तेव्हा दहा लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन हवा, घट्ट झाकणाचा, आणि तोही काठोकाठ भरायचा नाही; वर वेफर्सच्या पुडीचं सांगितलंच.

७. फोन, पैसे, खाणं आणि ती अवघड गोष्ट

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखात चालत नाही. पोस्टपेड चालतं. दोघांनी दोन वेगळ्या कंपन्यांचं घ्या. घरी आईबाबांना तारखांसकट सांगून ठेवा की अमुक दोन रात्री फोन लागणार नाही, नाहीतर तिकडे रडारड आणि इकडे तुम्हाला पत्ता नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि त्यात दाखवलेल्या वेळेत निम्मी वेळ आणखी मिळवा.

रोख रक्कम लेहमध्येच काढा.

खाण्याचं सांगायचं तर ४,२५० मीटरवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात भात-वरण शिजत नाही, नूडल्ससुद्धा कचवट राहतात. घरून दशम्या, धपाटे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या वड्या, लाडू घ्या. भूक मेलेली असली तरी गूळ-दाणे जातात. दिवसाला माणशी तीन लिटर पाणी, लहान घोटांनी.

आणि शौचाचा प्रश्न, ज्यावर कोणी बोलत नाही. मोरे मैदान म्हणजे चाळीसेक किलोमीटर सपाट पठार, आडोशाला झुडूपही नाही. बायका मग पाणी पिणंच टाळतात, आणि उंचीवर नेमकं तेच अंगाशी येतं. मोठी छत्री आणि जुनी साडी ठेवा. गाडीची दोन्ही दारं उघडून त्यावर साडी टाकली की आडोसा तयार. उभ्याने वापरायचं नरसाळं मिळतं, घरी दोनदा सराव करून न्या. कागद, पुसण्या, पॅड सगळं पिशवीत बांधून परत आणायचं. तिथल्या कोरड्या थंडीत काही कुजत नाही.

८. घाट आणि नाले

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबलात तर ते तापून धरेनासे होतात. लष्कराचा ताफा दिसला की बाजूला घ्या आणि शेवटची गाडी जाईपर्यंत मधे घुसू नका. झोजिलाला कधी एकेरी वाहतूक असते, तेव्हा आदल्या रात्री वाहतूक पोलिसांची सूचना बघून निघा. खारदुंग लाच्या माथ्यावर वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. पाटीशी फोटो, गरम चहा, चला.

नाल्यांचं नीट समजून घ्या. वरच्या हिमनद्या दिवसा उन्हाने वितळतात आणि ते पाणी दुपारनंतर रस्त्यावर पोहोचतं. सकाळी सात वाजता ज्या प्रवाहात घोटे बुडतात तो चार वाजता बंपरला लागतो. तांगत्सेहून पँगाँगला जाताना लागणाऱ्या एकाचं नावच ‘पागल नाला’ आहे. बारालाचाच्या दोन्ही बाजूंनाही असे आहेत. म्हणून नियम एकच: पहाटे निघा, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोहोचा.

ओलांडताना क्रम असा:

गाडी पाण्याच्या अलीकडे थांबवा. एकाने उतरून आधीची गाडी कुठून गेली ते पाहा. जिथे पाण्याचा पृष्ठभाग खळाळता आणि पसरट, तिथे ते उथळ. जिथे गुळगुळीत आणि गडद, तिथे खड्डा. वेगाच्या पाण्यात पाय घालून खोली मोजायला जाऊ नका. पाणी बंपरच्या खालच्या कडेपेक्षा वर असेल तर थांबा, ट्रक येऊ द्या, त्याची चाकं किती बुडतात ते बघा.

मग पहिला गिअर, एसी बंद, एक्सिलरेटर एकसारखा. पाण्यात शिरल्यावर क्लचला पाय लावायचा नाही, गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. दगडावर चाक आदळलं तरी पाय स्थिर. पलीकडे गेलात की दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून पॅड वाळवा. मधेच इंजिन बंद पडलं तर किल्ली फिरवू नका. पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असेल तर एका स्टार्टला आतला दांडा वाकतो. दोर काढा आणि मागच्या गाडीची वाट पाहा. या रस्त्यावर मदत न करता कोणी पुढे जात नाही.

९. दोन तलाव

हुंदरहून पँगाँगला श्योक नदीच्या काठाने सरळ वाट आहे, लेहला परत यावं लागत नाही. पण ती वाट नदीच्या मर्जीवर चालते. आदल्या संध्याकाळी दिस्कितला टॅक्सीवाल्यांना विचारा. ते नको म्हणाले तर परत खारदुंग ला आणि मग चांग ला, असा वळसा मान्य करा.

पँगाँग १३० किलोमीटरहून लांब आणि पाणी खारट. रंग उन्हावर आणि वाऱ्यावर बदलतो. सकाळी सात ते दहा पाणी आरशासारखं, दुपारनंतर वारा सुटला की लाटा. म्हणून दुपारी येऊन संध्याकाळी परत फिरणाऱ्यांना अर्धाच तलाव दिसतो. स्पांगमिकला गर्दी फार; मान किंवा मेराकपर्यंत पुढे जा आणि तंबूऐवजी घरगुती खोली घ्या. जाड भिंती रात्री कळतात. बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका आणि गाडीचा हीटर चालू ठेवून गाडीतही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. गाडी पाण्यात घालणं आणि सीमेजवळ ड्रोन उडवणं, दोन्ही अंगाशी येतं.

त्सो मोरिरी अधिक उंच, अधिक शांत, आणि दोघांच्या सहलीला आमच्या मते हाच खरा तलाव. उपशीहून सिंधूच्या काठाने चुमाथांगचे गरम झरे बघत माहेच्या पुलावरून आत वळायचं. उजनी-जायकवाडीला हिवाळ्यात दिसणारा पट्टकादंब उन्हाळ्यात इथल्या पाणथळीत पिलं वाढवतो. दुर्बीण घ्या. गाडी मात्र गवताळ काठावर घालू नका, घरटी जमिनीवरच असतात.

उमलिंग लाचा मोह पहिल्या खेपेला टाळा. ५,७९८ मीटरवरचा तो रस्ता बघायला दोन दिवस आणि आणखी कॅनभर इंधन जातं, हाती येतो पाटीबरोबरचा एक फोटो.

१०. मनालीकडे उतरताना

कोरझोकहून पहाटे साडेपाचला निघा. त्सो कार, मग मोरे मैदान, पांग, लाचुलुंग ला, गाटाची २१ वळणं, सरचू, बारालाचा आणि जिस्पा. अकरा-बारा तास लागतात, त्यामुळे तीनच्या आत पोहोचायचा नियम एवढ्या दिवशी मोडतो. दोन तासांनी चालक बदला. बारालाचाखालचे नाले दुपारीच गाठ पडतात, म्हणून सरचूला अडीच वाजून गेले असतील तर तिथेच राहा. जाताना टाळायला सांगितलेलं हेच सरचू परतताना चालतं, कारण आदल्या रात्री त्याहून वर झोपलेले असता.

रोहतांगखालून ९ किलोमीटरचा अटल बोगदा आहे, त्याला परवाना लागत नाही. रोहतांगच्या माथ्यावर जायचं असेल तरच लागतो. मनालीत एक पूर्ण दिवस थांबा: गाडीच्या खालची बाजू धुवा, सायलेन्सर आणि शॉकॲबच्या नटांना पाना लावा, एअर फिल्टर काढून झटका.

आणि टायरची हवा. लेहमध्ये सोडून जो आकडा नेमका केला होता, तो त्याच तापमानाला मनालीपर्यंत उतरताना दोनेक पीएसआयने घसरतो आणि चंदीगडच्या पुढे मैदानात साडेचार-पाचने. कमी हवेचा टायर राजस्थानच्या उन्हात ताशी शंभरने पळवला की बाजूची भिंत तापून फुटते. मनालीच्या पंपावर एकदा आणि मैदानात उतरल्यावर पहिल्या सकाळी पुन्हा एकदा, टायर थंड असताना हवा भरून घ्या. स्टेपनीतही.